काटा आणि शीग

भंडारदऱ्याच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर काही घरांतून अजूनही जुनी पायली जपून ठेवलेली आढळते. शेजारणीला भात किंवा नागली मोजून देताना पायली काठोकाठ भरली म्हणजे माप पुरे झाले, असे तेथे कोणी मानीत नाही. काठाच्या वर दाण्यांचा निमुळता ढीग उभा राहतो, चार दाणे कडेने ओघळू लागतात आणि मगच ते माप समोरच्याच्या पोत्यात रिते होते. काठावरच्या या ढिगाला आपल्या भाषेत शीग म्हणतात. उत्कंठा शिगेला पोहोचली, असे आपण सहज लिहून जातो. त्या शब्दामागे धान्याने भरलेले हे माप उभे आहे, याचे भान आपल्याला क्वचितच असते.

त्याच भाषेत काटा मारणे असाही एक वाक्प्रचार आहे. तराजूच्या दांडीला बोटाचा हलका आधार देणे, पारड्याच्या तळाला चिंच चिकटवून ठेवणे, बारदानाच्या वजनाच्या नावाखाली किलो-दोन किलो अधिक कापून घेणे, अशा साऱ्या क्लृप्त्या त्या दोन शब्दांत सामावल्या आहेत. माणसांचा सारा देवघेवीचा व्यवहार या दोन टोकांच्या मध्ये चालत आला आहे. एका टोकाला मारलेला काटा, दुसऱ्या टोकाला भरलेली शीग.

आज मला लिहायचे आहे ते खरेदी या व्यवसायाविषयी. आपल्या घरासाठी आपण जी खरेदी करतो ती येथे अभिप्रेत नाही. शासनासाठी, कारखान्यासाठी, रुग्णालयासाठी, शाळेसाठी जो दुसऱ्याच्या पैशाने आणि दुसऱ्याच्या वतीने माल विकत घेतो, त्याचा हा विषय आहे. केंद्रप्रमुख, प्रतवारी करणारा, भांडारपाल, खरेदी अधिकारी हे सारे या व्यवसायातले लोक. इस्पितळासाठी औषधे मागवणारी धर्मभगिनी आणि वसतिगृहासाठी तांदूळ घेणारा धर्मगुरू हेही त्यातलेच. गेल्या दहा-पंधरा वर्षांत या व्यवसायाचा चेहरामोहरा बदलला आहे. तोलण्याचे, निवडण्याचे आणि भाव ठरवण्याचे काम हळूहळू यंत्राकडे जात आहे. ‘स्वस्तात स्वस्त’ या जुन्या निकषाच्या जोडीला पर्यावरण, स्थानिक उत्पादन, दुर्बळांना संधी असे नवे निकष येत आहेत. अशा वेळी एक प्रश्न उभा राहतो. ही सारी कामे यंत्राने केली, तर खरेदी करणाऱ्या माणसाकडे कोणते काम उरते? आणि ते त्याने केले नाही, तर तो दोष कोणाच्या माथी?

हा प्रश्न मला एका म्हातारीने घातला. तिची हकीकत पुढे सांगतो. त्याआधी या मुलखात खरेदीदार कसकसा येत गेला, ते पाहिले पाहिजे.

सावकाराकडून शासनाकडे

अकोले तालुक्याचा हा पश्चिम भाग महादेव कोळी आणि ठाकर समाजांचा. सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर वसलेली घाटघर, साम्रद, रतनवाडी ही गावे पावसाळ्यात धुक्यात बुडून जातात. १९१० ते १९२६ या काळात प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण उभे राहिले. येथे अडवलेले पाणी कालव्यांनी खालच्या पठारावर गेले व तेथे उसाचे मळे पिकले. वरच्या लोकांच्या वाट्याला उतारावरची भाताची खाचरे, नागली, वरई आणि रानातला हिरडा एवढेच राहिले. सुगीचे चार महिने संपले की घरातली कणगी रिकामी होई. मग आवणीच्या दिवसांत सावकाराच्या दारी जायचे, दिढी-दुपटीने धान्य आणायचे आणि पीक आले की ते त्याच्याच मापाने त्याच्याच घरी घालायचे, असा क्रम पिढ्यानपिढ्या चालला. देणाराही तोच, घेणाराही तोच आणि मोजणाराही तोच. अंगठा तेवढा आदिवासीचा. याच तालुक्यातील देवगावच्या राघोजी भांगरे यांनी सावकार आणि त्यांच्या पाठीशी उभी असलेली इंग्रजी सत्ता यांविरुद्ध बंड पुकारले; १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आले. त्या बंडाच्या मुळाशी जमीन होती, कर्ज होते आणि खोटे मापही होते.

स्वातंत्र्यानंतर शासन स्वतः खरेदीदार म्हणून पुढे आले. १९६५ साली भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाले व आधारभूत किमतीची पद्धत रुजू लागली. महाराष्ट्रात १९७२ साली आदिवासी विकास महामंडळाची स्थापना झाली आणि १९७६ च्या कायद्यान्वये आदिवासी क्षेत्रात एकाधिकार खरेदीची योजना आली. त्यामागचा विचार सरळ होता. ज्याच्याकडून कर्ज घ्यायचे त्यालाच पीक विकावे लागते, तेथे भाव कधीच न्याय्य असू शकत नाही. म्हणून घेणारा हात बदलला पाहिजे. खरेदी म्हणजे येथे केवळ माल गोळा करणे नव्हते. ती एका शोषित समाजाला सोडवण्याची योजना होती. एवढे मोठे नैतिक ओझे खरेदीच्या व्यवसायावर आपल्या देशात क्वचितच कोणी ठेवले असेल.

परंतु हात बदलला तरी काटा हातातच राहतो. देशात जेथे जेथे सरकारी, सहकारी वा खासगी खरेदी होते, तेथे तेथे मापाविषयी, प्रतवारीविषयी, ओळखीपाळखीविषयी तक्रारी होत आल्या. ज्याच्या शब्दावर पोते पास किंवा नापास ठरते, त्याच्या शब्दाला किंमत चढते. ही किंमत वसूल करणारे सर्वत्र होते, आणि ती वसूल न करता आयुष्यभर सचोटीने पोती मोजणारेही होते; पण विकणाऱ्याच्या नशिबी त्यांपैकी कोण येईल, हे त्याच्या हाती नव्हते.

यंत्राचे पुण्य

म्हणून जेव्हा इलेक्ट्रॉनिक काटा आला, तेव्हा तो गरिबाच्या बाजूने आला हे प्रथम मान्य केले पाहिजे. जुन्या करारात खोट्या मापाविषयी किती वेळा आणि किती तीव्रतेने बोलले आहे! लेवीय आणि अनुवाद या ग्रंथांत खरी वजने व खरी मापे बाळगण्याची आज्ञा आहे. पिशवीत लहान आणि मोठी अशी दोन वजने ठेवण्याला तेथे बंदी आहे. खोटा तराजू परमेश्वराला किळसवाणा वाटतो, असे नीतिसूत्रांचा कर्ता सांगतो. आमोस संदेष्टा तर माप लहान व नाणे जड करणाऱ्या, गरिबाला जोडाभर पायतणांच्या मोलाने विकत घेणाऱ्या व्यापाऱ्यांवर अक्षरशः कडाडतो. तो आज एखाद्या खरेदी केंद्रावर आला असता, तर काट्याच्या काचेवर विकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर उमटणारे लाल आकडे पाहून त्याला समाधानच वाटले असते.

काट्यामागून नोंदणी आली. सातबारा, आधार, बँक खाते यांची नोंद संगणकावर होऊ लागली. २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली व शेतात काय उभे आहे, हे शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून नोंदवावे असे ठरले. विकलेल्या धान्याचे पैसे मधल्या हातांना न शिवता खात्यात जमा होऊ लागले. केंद्र शासनाच्या खरेदीत याहून मोठा बदल झाला. ९ ऑगस्ट २०१६ रोजी ‘जेम’ ही शासकीय ई-बाजारपेठ सुरू झाली आणि अनेक दशके सरकारी खरेदीचे दर ठरवणारे पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी बंद करण्यात आले. खुर्चीपासून संगणकापर्यंत कोणतीही वस्तू कोण किती भावाने देतो, हे आता पडद्यावर सर्वांना दिसते. ओळखीच्या पुरवठादाराला बंद लिफाफ्यातून काम देण्याची जुनी कला त्यामुळे पुष्कळ अवघड झाली. हे यंत्राचे पुण्य आहे. ज्यांनी जुना अंधार अनुभवला नाही, त्यांनी त्याची हळहळ करू नये.

कर्ता कोण?

तरीही काही निसटले आहे. ते काय, हे व्याकरणाच्या आधाराने सांगता येईल. पूर्वी अधिकारी म्हणत असे, ‘मी हे घेत नाही.’ आज बँकेत, रेशनच्या दुकानात, कचेरीत एकच वाक्य ऐकू येते: ‘सिस्टिम घेत नाही.’ क्रियापद तेच आहे, कर्ता मात्र बदलला आहे. पहिल्या वाक्यात अन्याय असेल तर तो करणारा समोर उभा असतो. त्याच्याशी भांडता येते, त्याला विनवता येते, त्याच्या वरिष्ठाकडे जाता येते, निदान त्याला शाप तरी देता येतो. दुसऱ्या वाक्यात समोर माणूस असूनही तो कर्ता नसतो. तोही आपल्यासारखाच पडद्याकडे पाहत असतो. आदिवासीचा जो अंगठा एके काळी सावकाराच्या कागदावर उठत असे, तो आज यंत्राच्या काचेवर उठतो. आणि राब भाजून, आवणी करून, मोळ्या वाहून ज्या अंगठ्याच्या रेषा झिजल्या आहेत, तो काही वेळा उठतही नाही. सावकार निदान तिला ओळखत होता. यंत्र विचारते, तू तूच आहेस कशावरून?

सेमिनरीत नीतिशास्त्राच्या पहिल्याच धड्यात आम्हांला शिकवले होते की, जाणतेपणाने आणि स्वेच्छेने केलेले कृत्यच खऱ्या अर्थाने मानवी कृत्य होय, आणि पाप-पुण्याचा हिशेब अशाच कृत्याचा होतो. ज्या कृत्याला जाणता कर्ताच उरलेला नाही, त्याचा हिशेब कोणी द्यायचा? २०२१ साली वॉलमार्ट या कंपनीने कॅनडातील काही पुरवठादारांशी वाटाघाटी करण्याचे काम संगणकीय प्रणालीकडे सोपवून पाहिले. भाव कोठवर ताणायचा, कोठे सोडायचा, हे यंत्राने समोरच्या जिवंत व्यापाऱ्याशी बोलून ठरवले. ८ मे २०२५ रोजी निवडून आलेले पोप चौदावे लिओ यांनी दोनच दिवसांनी कार्डिनलांना आपल्या नावामागचे कारण सांगताना तेराव्या लिओंच्या १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकाचा उल्लेख केला. त्या वेळी औद्योगिक क्रांतीने जो प्रश्न उभा केला होता, तोच आज कृत्रिम बुद्धिमत्तेने नव्या रूपात उभा केला आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. त्या जुन्या परिपत्रकाचा गाभा असा की, दोन माणसांनी करार केला एवढ्याने तो न्याय्य ठरत नाही. गरजेपोटी किंवा भीतीपोटी ज्याने होकार दिला, त्याच्यावर अन्यायच झालेला असतो. यंत्राला होकार कळतो. होकारामागची गरज ओळखायला समोरच्या माणसाकडे पाहावे लागते.

यंत्राला आणखी एक गोष्ट कठीण जाते, ती म्हणजे वेगळेपण. सरकारी खरेदीत भाताच्या दोनच जाती, सर्वसाधारण आणि अ-दर्जा. २०२५-२६ च्या हंगामासाठी त्यांची आधारभूत किंमत क्विंटलला अनुक्रमे २,३६९ आणि २,३८९ रुपये ठरली. ओलावा सतरा टक्क्यांपेक्षा अधिक नसावा, हा नियम पंजाबच्या उन्हात वाळलेल्या भातालाही तोच आणि सह्याद्रीच्या दमट हवेत वाळलेल्या भातालाही तोच. अकोल्याच्या डोंगरांत पिकणाऱ्या काळभाताला, जिरवेलला या दोन रकान्यांत स्वतःचे नाव नाही. याच तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी घरोघरची गावठी बियाणी गोळा करून जपली आणि २०२० साली देशाने त्यांना पद्मश्री देऊन गौरवले. ज्या वाणांसाठी त्यांचा सन्मान झाला, त्यांना मोठ्या खरेदीच्या तक्त्यात जागा नसावी, यात कोणाचाही दुष्टावा नाही. पण खरेदीदार जे नाव विचारतो तेच शेतात टिकते, हे मात्र खरे आहे.

एका म्हातारीचा प्रश्न

आता ती हकीकत. काही वर्षांपूर्वी भंडारदऱ्याच्या परिसरातील एका लहान वसतिगृहाची जबाबदारी माझ्याकडे होती. मुले सारी डोंगरातली. जवळच्या वाडीवरची एक ठाकर विधवा दरवर्षी सुगीनंतर आम्हांला दोन-तीन पोती तांदूळ आणि थोडी नागली देत असे. बाजारभावापेक्षा चार पैसे अधिक आम्ही तिला देत होतो. ती पायलीने मोजून देई, आणि शेवटच्या पायलीची शीग ओंजळीने आणखी वाढवीत ‘ही पोरांची’ म्हणे.

पुढे संस्थेच्या हिशेबाची पद्धत बदलली. प्रत्येक खरेदीला तीन दरपत्रके, छापील बिल, बँकेतून पैसे आणि संगणकावर नोंद, असा नियम झाला. नियम चांगलाच होता. पूर्वीच्या ढिलेपणामुळे तो करावा लागला होता. तीन दरपत्रकांत तालुक्याच्या गावातील एका व्यापाऱ्याचा भाव सर्वांत कमी निघाला. तांदूळ कोठून येत होता कोण जाणे, पण पोती स्वच्छ, वजन चोख, बिल वेळेवर. सुगी झाल्यावर म्हातारी आली. मी तिला ओट्यावर बसवून समजावून सांगितले, “आजी, आता कॉम्प्युटरात बसत नाही. माझ्या हातात काही राहिलं नाही.” ती बराच वेळ गप्प राहिली. भावाविषयी तिने काही विचारले नाही. मग म्हणाली, “फादर, मंग आता सांगायचं कोनाला?”

मी काय उत्तर दिले ते आठवत नाही. काहीतरी सांत्वनाचे बोललो असेन. त्या वर्षी आमचे हिशेब निर्दोष निघाले व लेखापरीक्षकाने समाधान व्यक्त केले.

मोठ्या काळानंतर, दुसऱ्याच एका कामासाठी, मी ते नियम पुन्हा वाचले. विशेष कारण असल्यास ते लिहून, दोन सदस्यांच्या सहीने दरपत्रकाविना खरेदी करता येईल, असे कलम त्यांत होते. शेतकऱ्याकडून त्याचेच पीक थेट घेताना रोख पैसे देण्याची सवलत आयकराच्या नियमांतही होती. संगणकाच्या त्या नमुन्यात ‘इतर’ असा एक रकानासुद्धा होता. तिच्यासाठी नियमात जागा होती. मी ती शोधली नव्हती. शोधायची झाली असती तर कारण लिहावे लागले असते, सही करावी लागली असती, कोणी विचारले असते तर उत्तर द्यावे लागले असते. ‘माझ्या हातात काही राहिलं नाही’ हे मी तिला सांगितले, तेव्हा ते खरे नव्हते. हात मी स्वतःच काढून घेतला होता.

नवे निकष, जुनी वाट

या प्रसंगानंतर खरेदीच्या बदलत्या निकषांकडे मी अधिक आस्थेने पाहू लागलो. ते निकष स्वागतार्ह आहेत. केंद्र शासनाच्या २०१२ च्या धोरणाने सूक्ष्म व लघुउद्योगांकडून ठरावीक हिस्सा खरेदी करण्याचे बंधन घातले; २०१८ साली तो हिस्सा २५ टक्के झाला, त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांसाठी. २०२३ हे वर्ष जगाने भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले आणि नागलीला शहरांतही मान मिळाला. सेंद्रिय मालाला मागणी वाढली.

ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणुकीने ही दिशा पूर्वीच दाखवली होती. संत जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्झेर्सेन्स’ या परिपत्रकात अप्रत्यक्ष मालक अशी एक संकल्पना मांडली. कामगाराला मजुरी देणारा तेवढाच मालक नव्हे. ज्यांच्या निर्णयांमुळे त्या मजुरीची आणि कामाची परिस्थिती ठरते, तेही अप्रत्यक्ष मालक होत व त्यांच्यावरही जबाबदारी येते. मोठा खरेदीदार हा असा अप्रत्यक्ष मालक असतो. त्याने ठरवलेला भाव शेवटी कोणाच्या तरी ताटातून वजा होतो. २००९ साली सोळावे बेनेडिक्ट यांनी ‘कारितास इन व्हेरिताते’मध्ये याहून स्पष्ट सांगितले की, विकत घेणे हे केवळ आर्थिक कृत्य नसते, ते नेहमीच नैतिक कृत्यही असते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’मध्ये तोच विचार पुन्हा मांडला.

पण निकष चांगला असला तरी तो रकाना होऊन समोर येतो, तेव्हा पुन्हा तोच पेच पडतो. ज्या खाचरात शेणखत आणि राखेशिवाय काही पडले नाही, तेथला तांदूळ प्रमाणपत्राविना सेंद्रिय ठरत नाही. आणि प्रमाणपत्र मिळवण्याची ऐपत व कागदपत्रे ज्याच्याकडे आहेत, तो दुसराच कोणी असतो. शेतकऱ्यांच्या गटांनी परस्परांची हमी घ्यायची, अशी एक सुलभ पद्धत आपल्याकडे आली आहे खरी. पण गट उभा करायलाही कोणीतरी त्या वाडीपर्यंत चालत जावे लागते. दुर्बळांसाठी राखलेला हिस्साही, दुर्बळांपैकी ज्याला अर्ज भरता येतो त्याच्यापर्यंतच पोहोचतो. निकष बदलले, तरी दाराशी आलेल्याला ओळखण्याचे काम कोणाकडे सोपवले नाही, तर वाट जुनीच राहते.

विवेक म्हणजे पळवाट नव्हे

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. माणसाला मोकळीक दिली की तिच्यातून भ्रष्टाचार शिरतो. म्हणून तर यंत्र आणले. आज एका म्हातारीसाठी नियम वाकवला, उद्या मेहुण्यासाठी वाकेल. शीग भरणारा हात ओळखीच्यांच्या पोत्यातच ती भरणार नाही, याची हमी काय?

अ‍ॅरिस्टॉटलने यासंबंधी एक मार्मिक दृष्टान्त दिला आहे. लेस्बॉस बेटावरचे गवंडी ओबडधोबड दगड मोजण्यासाठी शिशाची पट्टी वापरीत. ती दगडाच्या आकाराप्रमाणे वाकते. नियम सर्वांसाठी असतो, म्हणूनच एखाद्या विशिष्ट प्रसंगी तो अपुरा पडतो. तेथे नियम करणाऱ्याच्या हेतूला धरून निर्णय घेणे हा न्यायाचाच वरचा प्रकार होय, असे तो म्हणतो. संत थॉमस अक्वायनस यांनी हाच विचार पुढे नेला. ठेव परत केली पाहिजे हा नियम; पण ठेवणारा वेडाच्या भरात आपली तलवार परत मागू लागला, तर ती न देणे हाच धर्म. आपल्या परंपरेने याला विवेकाचे कार्य मानले आहे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, शिशाची पट्टी वाकते ती दगडाप्रमाणे. गवंड्याच्या सोयीप्रमाणे ती वाकली, तर भिंतच कोसळेल. म्हणून विवेकाला उघडपणाची जोड हवी. काय केले, का केले, कोणासमोर केले, हे लिहून ठेवण्याची ज्याची तयारी आहे, त्यालाच मोकळीक मागण्याचा अधिकार आहे. भ्रष्ट माणूस कारण लिहीत नाही. भित्राही लिहीत नाही.

पवित्र शास्त्रातला थोर खरेदी अधिकारी म्हणजे योसेफ. सुकाळाच्या सात वर्षांत त्याने मिसर देशाच्या पिकाचा पाचवा हिस्सा गोळा केला. अखेर मोजदाद सोडून द्यावी लागली, एवढे धान्य साठले. त्याच्या दूरदृष्टीमुळे असंख्य जीव वाचले. पण त्याच कथेचा उत्तरभाग आपण प्रवचनात सहसा सांगत नाही. दुष्काळात लोकांनी प्रथम आपला पैसा दिला, मग गुरेढोरे, मग जमिनी आणि शेवटी धान्यासाठी ते स्वतःच फारोचे दास झाले. योसेफाने कोणालाही फसवले नाही. भाव होता, माल होता, करार होता. जो स्वतः वीस रुप्याच्या नाण्यांना विकला गेला होता, त्याच्या हातून एक अख्खी प्रजा विकत घेतली गेली, आणि हिशेब तरी चोख राहिला. मात्र याच योसेफाने, धान्य घ्यायला आलेल्या भावांच्या पोत्यांत त्यांचा पैसा गुपचूप परत ठेवायला लावला होता. तेथे त्याने शीग भरली, कारण तेथे त्याला चेहरे ओळखू आले होते. मिसरी शेतकऱ्यांचे चेहरे त्याला दिसले असतील का?

प्रेषितांच्या काळातली पहिली तक्रारही वाटपाविषयीच होती. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होते, असे गाऱ्हाणे आले. प्रेषितांनी काय केले? त्यांनी सात माणसे नेमली. त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांची भाषा जाणणारे लोकच त्या कामावर बसले, असे यावरून दिसते. त्या विधवांना आता सांगायचे कोणाला, हे ठाऊक झाले.

माझ्या मते यंत्राच्या युगात खरेदीदाराकडे उरणारे काम हेच आहे. तोलणे यंत्राने करावे, भाव सर्वांना दिसावेत, पैसे थेट खात्यात जावेत. काठापर्यंतचा न्याय यंत्राच्या स्वाधीन करण्यात काही गैर नाही; तो ते आपल्याहून चोख करील. काठाच्या वरचे मात्र माणसाकडे आहे. ज्याचे यंत्रात बसत नाही त्याचे ऐकणे, नियमातली जागा शोधणे, कारण लिहून खाली आपले नाव घालणे, आणि नकारच द्यावा लागला तर ‘मी घेत नाही’ असे प्रथमपुरुषी म्हणणे. खरेदी अधिकारी हा ज्याला जाऊन सांगता येते असा माणूस राहिला, तर त्याचा व्यवसाय टिकेल आणि टिकण्याच्या योग्यतेचाही ठरेल.

ते नियम पुन्हा वाचल्यावर मी त्या वाडीवर गेलो होतो. तळ्याच्या कडेने आता तंबूंच्या रांगा लागल्या आहेत. मे महिन्याच्या अखेरीस काजवे पाहायला शहरातून गाड्या भरून लोक येतात. म्हातारीने खाचर तंबूवाल्याला भाड्याने दिले होते आणि ती तेथेच भांडी घासत होती. तिने मला ओळखले, चहा दिला. तांदळाविषयी विचारावे असे मनात होते, पण तिच्याकडे तांदूळ उरला नव्हता. तिच्यापुढे मी माफी मागितली, तेव्हा तिला ती कशाबद्दल हेच चटकन कळले नाही.

अन्याय झाला असेल तर केवळ पश्चात्ताप पुरत नाही, नुकसान भरून द्यावे लागते, असे मी पापनिवेदनाला येणाऱ्यांना नेहमी सांगतो. त्या दिवशी परत येताना मी स्वतःलाच विचारीत होतो की, एकही नियम न मोडता केलेले नुकसान कोणत्या मापाने भरून द्यायचे? आता आमच्या धर्मग्रामाच्या खरेदीवहीत मी एक रकाना हाताने आखून घेतला आहे. त्याचे नाव ‘कारण’. पुष्कळदा तो रिकामाच राहतो. पण वही उघडली की प्रथम नजर तिकडे जाते.